तीन ऑक्टोबरला बुडणारं जग

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय प्रमिलाबाई, शेजारधर्म म्हणून आवर्जून आलेले मुख्याध्यापक अश्वजित सर, सत्कारमूर्ती पाळकसाहेब मोतीलालजी आणि समोर बसलेल्या माझ्या मंडळीतील बंधू-भगिनींनो,

मी श्रावण, समुद्रपूरच्या बसस्टँडसमोरचा शिंपी. माईक हातात आला की मी लवकर सोडत नाही, हे अध्यक्षांना माहीत आहे, म्हणून त्या आत्ताच घड्याळ पाहत आहेत.

साहेबांनी बावीस वर्षं दर बुधवारी आम्हाला बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे शिकवले. दहा शिंगांचं जनावर, डोळे असलेली चाकं. तासभर फळा भरायचा आणि शेवटी म्हणायचे, "हे आपल्याले बी पुरतं समजलं नाई." सांगा, असा गुरू असतो का? मी ठरवलं, आपणच उलगडू.

नित्याचं अर्पण बंद होईल तिथून बाराशे नव्वद दिवस मोजा, असं दानिएल संदेष्टा सांगतो. आपलं अर्पण कधी बंद पडलं? लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा! टेपनं कापड मोजणारा माणूस मी. मोजलं. जगाचा शेवट निघाला तीन ऑक्टोबर दोन हजार तेवीस.

इथवर हसण्यासारखं होतं. पण त्याच सप्टेंबरात माझ्या वर्षालीला नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. मी म्हटलं, जगच राहणार नाही तर अर्ज कशाला? पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिची आई माधवी साहेबांकडे गेली.

साहेब घरी आले, चहा घेतला आणि विचारलं, "श्रावणभाऊ, तीन तारखेले किती वाजता?"

"ते लिहिलं नाई, साहेब."

मग त्यांनी यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट काढली. शहराला शत्रूचा वेढा पडलेला, स्वतः कैदेत, शहर पडणार हे यानंच सांगितलेलं. तरी त्यानं चुलतभावाचं शेत विकत घेतलं, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मडक्यात जपून ठेवलं. "पुढचं ठाऊक असलेल्या माणसानं शेत घेतलं," साहेब म्हणाले, "आन तुले तर काहीच ठाऊक नाई. तू पोरीचा अर्ज काऊन अडवून राह्यला?"

दुसऱ्याच दिवशी मी स्वतः वर्षालीला अर्ज भरायला वर्ध्याला घेऊन गेलो. तीन ऑक्टोबरला एसटी वेळेवर आली, तेवढाच काय तो चमत्कार. वर्षाली आज तिसऱ्या वर्षाला आहे. साहेब, तुम्ही आला नसता तर तिचं आयुष्य मी माझ्या हातानं अडवलं असतं. त्याची मला आजही लाज वाटते.

आता साहेब मुलाकडे नागपूरला चालले. बुधवारचा वर्ग त्यांनी काल माझ्यावर सोपवला. मी घाबरलो. म्हटलं, "साहेब, जग बुडवणाऱ्याच्या हाती?"

म्हणाले, "म्हणूनच. उद्या कोणी असाच घाबरून हिशोब घेऊन आला, तर तू त्याले हसणार नाईस."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. कुणाला काही बोचलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. आणि साहेब, तुम्हीसुद्धा.