मोहोळ मीच जाळलं

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात.

हडपसरच्या पुढे आमचं अर्धा एकर रान आहे आणि त्याला लागूनच आयटीवाल्यांची नवी काचेची इमारत. तिथं मी साफसफाईला होतो. कांद्याचं बी दादा, म्हणजे माझे वडील, घरच्या रानातच धरायचे. तेव्हा तो बियाचा कांदा नुकता फुलावर आला होता.

इमारतीच्या सज्ज्याला आग्यामोहोळ लागलं. साहेबांनी विचारलं, "कोणाला काढता येईल?" कधी नव्हे तो मी हात वर केला. माश्यांसकट सगळं जाळून टाकलं. साहेब चारचौघांत "शाब्बास" म्हणाले.

घरी ते कौतुकानं सांगितलं, तर दादांचा घास हातातच राहिला.

"समद्या जाळल्यास?"

"एकही ठेवली नाही."

"मग आता फुलावर बसायला तुझं सायेब येत्यात का? माशी बसल्याबिगर बी भरत न्हाय. पुढच्या साली लावायचं काय?"

आई म्हणाली, "जेवू द्या की त्याला." दादा ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. दव सुकल्यावर रानात उतरलो आणि या फुलावरून त्या फुलावर तळहात फिरवत राहिलो. दुपारपर्यंत दोनच सऱ्या झाल्या.