दावितच्या व्हिसाविरुद्धचा निनावी अर्ज

पोलीस स्टेशन जानेफळ, जि. बुलडाणा
दि. ०६/१०/२०२५, वेळ सकाळी ११.४०

नाव : धम्मशीला इंद्रभान अवसरमोल, वय २९ वर्षे, शिक्षण बी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), व्यवसाय खासगी नोकरी, रा. जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलडाणा.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर वडील इंद्रभान किसन अवसरमोल, वय ६३, यांच्यासोबत राहते. वडील एसटीच्या आगारातून यांत्रिक म्हणून निवृत्त झाले आहेत. आई २०२१ मध्ये वारली. घरात आम्ही दोघेच आहोत. मी खामगाव एमआयडीसीतील एका कारखान्यात वजनकाटे, प्रेशर गेज व थर्मामीटर बरोबर दाखवतात की नाही, हे तपासण्याचे काम करते.

दावित तेस्फाये, वय ३१, राष्ट्रीयत्व इथिओपियन, यांना मी २०१९ पासून ओळखते. ते छत्रपती संभाजीनगर येथे एम.एस्सी. करत होते आणि मी त्याच शहरात इंजिनिअरिंगला होते. शिक्षण संपल्यावर ते त्यांच्या देशात परत गेले. आम्ही विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करणार आहोत. त्यासाठी नोटीस देऊन तीस दिवस थांबावे लागते, म्हणून त्यांना इकडे येणे आवश्यक आहे. येथे असताना त्यांचा खर्च कोण करणार, याचे कागद व्हिसासाठी लागतात. तो खर्च मी करणार आहे. त्यांची व्हिसाची मुलाखत दि. १६/१०/२०२५ रोजी आहे.

सर्व कागद मी स्वतः तयार केले. त्यात माझे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि खर्चाची जबाबदारी घेतल्याचे प्रतिज्ञापत्र आहे. घर वडिलांच्या नावावर असल्याने दावित यांना घरात राहू देण्याबाबत वडिलांचे संमतीपत्रही आहे.

प्रतिज्ञापत्र दि. १२/०९/२०२५ रोजी मेहकर येथे टाइप करून घेतले. टायपिस्ट गोपाल (पूर्ण नाव माहीत नाही) म्हणाले, "मॅडम, इथं लोकं सख्ख्या जावयाले आठ दिवस ठेवत नाईत, अन् तुमी त्याले पोसाचं स्टँपवर लिहून देऊन राह्यल्या." मी त्यांना मजकुरावर लक्ष देण्यास सांगितले. त्यांनी 'पती' असे टाइप केले होते. ते मी 'नियोजित पती' असे दुरुस्त करून घेतले.

दि. १५/०९/२०२५ रोजी, सोमवारी, सायंकाळी सात वाजता वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. आधी वाचून घ्या, असे मी दोनदा म्हटले. ते म्हणाले, "तुह्यं लिहेल हाय, मंग म्या काय वाचू?" तरीही कशावर सही करत आहेत हे त्यांना माहीत असावे, म्हणून मी सर्व कागदांचा एक संच त्यांना दिला. सही झाल्यावर त्यांनी स्वतः चहा केला. माझ्या चहात साखर घातली नाही. मी घेत नाही, हे त्यांच्या लक्षात असते.

आमच्या कारखान्यात कोणत्याही कागदाची प्रत देताना तिला क्रमांक देतात आणि कोणाला दिली ते लिहून ठेवतात. मी तसेच केले. प्रत्येक पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात क्रमांक लिहिला. प्रत १ दावित यांना पाठवली. प्रत २ माझ्या कपाटात आहे. प्रत ३ वडिलांना दिली. प्रत ४ नोटरीकडे आहे. याबाबत मी कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

दि. २९/०९/२०२५ रोजी मला या पोलीस स्टेशनमधून फोन आला व मी त्याच दिवशी येथे आले. सहायक फौजदार वैजनाथ शेळके यांनी मला एक टाइप केलेला निनावी अर्ज वाचायला दिला. त्यात लिहिले आहे की, सदर परदेशी इसम मुलीस फूस लावून लग्नानंतर देशाबाहेर नेणार आहे, तरी त्याला व्हिसा मिळू नये आणि तसे वरिष्ठांनी संबंधितांना कळवावे. शेवटी असे वाक्य आहे : "मुलगी हुशार व सरळ आहे, तिला चौकशीचा त्रास देऊ नये." अर्जासोबत माझ्या बँक स्टेटमेंटची झेरॉक्स जोडली आहे. पाकिटावर धाड येथील पोस्टाचा दि. १८/०९/२०२५ चा शिक्का आहे.

माझा पहिला संशय टायपिस्ट गोपाल यांच्यावर होता. शिक्का पाहिल्यावर तो आत्या सुभद्राबाई यांच्यावर गेला. त्या धाड येथे राहतात आणि या लग्नाला त्यांचा उघड विरोध आहे. जून महिन्यात त्या सर्वांसमोर म्हणाल्या होत्या, "तो एवढ्या दुरून इथं येऊन करन काय? सोयाबीन सोंगन का?" त्यावर मीही हसले होते.

त्यानंतर मी झेरॉक्स पुन्हा पाहिली. कोपरा दुमडून काढलेली आहे, पण आकडा अर्धा आला आहे. तो तीन आहे. शेळके साहेबांनी विचारले, "मॅडम, हे बारीक काय लिहेल हाय?" मी पाहून सांगते म्हटले. ते त्या दिवशी सांगितले नाही, आज सांगत आहे.

दि. ०१/१०/२०२५ रोजी मी आत्यांना फोन केला. त्यांचे शब्द असे : "म्या नाई केलं बाई. मले जे बोलाचं ते म्या तोंडावर बोलली, पोस्टाले पैसे काऊन घालू? इंद्रभान आला व्हता त्या गुरुवारी. जेवला नाई काई नाई. पोस्टात जाऊन येतो म्हने." नंतर त्यांनी विचारले, "काऊन, काय झालं वं?" मी "काही नाही" म्हटले.

दि. १८/०९/२०२५ रोजी, गुरुवारी, वडील डोळे तपासायला बुलडाण्याला जातो, असे सांगून गेले होते. त्यानंतर त्यांनी मला मुलाखतीची तारीख तीन वेळा विचारली. आधी कधी विचारली नव्हती.

मी वडिलांना याबाबत विचारले का, असे मला विचारण्यात आले. विचारले नाही. "काऊन?" असे शेळके साहेबांनी विचारले. त्यावर मला काही सांगायचे नाही. ते पुढे म्हणाले, "बाहीर बसेल हायेत तर बलावून घेतो, दोन मिनिटांत मिटून जाईन." मी नको म्हटले. वडिलांनीच मला आज मोटारसायकलवर येथे आणले आहे. काम कशाचे आहे, हे त्यांनी विचारले नाही.

'माझा कोणावरही संशय नाही' हे वाक्य जबाबात आधी लिहिलेले होते. ते मी काढायला सांगितले. अर्ज कोणी केला हे मला माहीत आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

मी सज्ञान आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. लग्नानंतर आम्ही येथेच राहणार आहोत. दावित यांनी खामगावला नोकरीसाठी बोलणी केली आहेत. हे मी वडिलांना मार्च महिन्यात सांगितले होते. त्यांचा त्यावर विश्वास बसला नसावा.

माझी विनंती आहे की, या अर्जाच्या चौकशीचा अहवाल दि. १६/१०/२०२५ पूर्वी वरिष्ठांकडे जावा. वडिलांचे संमतीपत्र मी कागदांतून काढून घेतले आहे. त्याऐवजी खामगाव येथे माझ्या नावाने घेतलेल्या खोलीचा भाडेकरार जोडला आहे. करार दि. ०४/१०/२०२५ रोजी झाला. दि. १० पासून मी तेथे राहणार असल्याने तो पत्ता नोंदवून घ्यावा. वडिलांना हे आज घरी गेल्यावर मी स्वतः सांगेन.

वरील जबाब शेळके साहेब मला मोठ्याने वाचून दाखवू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण दार उघडे होते आणि बाहेरचा बाक दाराला लागून आहे. उरलेला जबाब मी मनात वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
धम्मशीला इंद्रभान अवसरमोल

समक्ष
सही/-
वैजनाथ शेळके, सहायक फौजदार