पंच नंबर एक

"उखर्डू आधार, हाजीर हो…" हा माझ्या नावाचा पट्टेवाल्याचा पुकारा मी एकोणनव्वद साली कोर्टात ऐकला, तुम्हाला सांगतो, आजही दाराशी कोणी मोठ्यानं नाव घेतलं की छातीत धस्स होतं, आणि गाव म्हणतं, "नाना, तू वकीलना बाप, तुले कसानी भीती?" अहो, वकिलाच्या बापालाच तर भीती…

आमच्या अभिमननं धुळ्यात वकिलीचं शिक्षण घेतलं, देवपुरात खोली घेतली, आणि सात वर्षं मोठ्या वकिलांची बॅग उचलली. सात वर्षं! आम्ही सांगायचो, पोरगा वकील झाला. पोरगा नुसत्या तारखा आणायचा. मग जामिनाची कामं, मग फौजदारी. त्याची माय म्हणाली, चोरांचीच बाजू का घेतो रे? तर म्हणे, दुसऱ्या बाजूला सरकार आहे की.

शेवटी त्याला स्वतःचा पहिला खटला मिळाला. आरोपी आमच्याच गावचा पुना. का, तर रुपचंदच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरली. रुपचंद म्हणजे माझा लहानपणापासूनचा सोबती, एक बिडी दोघांत ओढणारे आम्ही. आणि ती मोटार पुनाच्या कडब्याच्या गंजीतून निघाली, त्या पंचनाम्यावर पंच नंबर एक कोण? मी.

आता पंचनामा झाला कसा? जमादारानं रस्त्यात हाक मारली, नाना, चहा घ्या. घेतला. म्हणे, इथं अंगठा द्या. दिला. चहा पिऊन अंगठ्याला नाही म्हणतं का कोणी? गंजी कुठं, मोटार कुठं, मी काही पाहिलंच नव्हतं… मोटार रुपचंदची, अंगठा माझा, वकीलही माझाच. आणि म्हणे, वकिलाच्या बापाला कसली भीती!

तारखेच्या आदल्या दिवशी रुपचंद घरी आला. मोटार पुनानंच नेली याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. म्हणाला, "नाना, तेवढं एक हो म्हण." तो गेला आणि अभिमन आला. म्हणाला, "आबा, कोर्टात मी तुमचा कोणी नाही. पाहिलं तेवढंच सांगा."

सरकारी वकिलांनी विचारलं, मोटार तुमच्यासमोर काढली ना? हो म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, "नाही पाहिलं साहेब." झालं, मी फितूर! या वयात! मग अभिमन उभा राहिला, आणि मला म्हणाला, "साक्षीदार." जन्मात पहिल्यांदा…

"पंचनामा वाचून दाखवला होता?"

"चहा दाखवला होता."

सगळे हसले, तो नाही हसला. न्यायाधीशांनी विचारलं, या वकिलांचं आणि तुमचं नातं काय? मी हात जोडले. "बाहेर मुलगा आहे साहेब, आत कोणी नाही."

पुढं पुना सुटला, आणि अभिमनच्या दारात दोंडाईच्यापासूनची माणसं येऊन बसायला लागली. का, तर ज्यानं बापाला सोडलं नाही, तो जमादाराला काय सोडणार? अहो, त्यानं मला कुठं फोडलं, मी तर चहातच फुटलो होतो! पण ऐकतं कोण? वकिलाच्या बापाला कसली भीती…

भीती काय असते, ते मला साक्षीच्या दिवशी कोर्टातून परतताना एसटीत कळलं. रुपचंदनं खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरलेली, नेहमीसारखी. म्हटलं, रुपचंद, अरे मी पाहिलंच नव्हतं रे… त्यानं रुमाल उचलला, मला हातानंच बस म्हटलं. मी बसलो, तो उठला. खरं बोलणाऱ्याला जागा ऐसपैस मिळते, तुम्हाला सांगतो. रुमाल खांद्यावर टाकून तो खाली उतरला, आणि स्टँडातून चालत निघून गेला.