ट्रकखालचं लिंबू

तुम्ही माह्या ट्रकले खेळणं म्हणता ना, मंग ऐका. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तो ट्रक मीच एका प्रदर्शनासाठी डिझाईन केला. आत मोटर, गिअर, स्प्रिंगा, सारं. दसऱ्याले बायकोनं स्कूटरची पूजा केली अन् ट्रकच्याही चाकाखाली लिंबू ठेवलं.

"अवं, याले काहून?"

"गाडी आहे ना? चालवा."

पुढचं चाक लिंबावर चढलं, मागचं हवेत गरगर फिरून राहिलं अन् ट्रक तिथंच अडकला! स्प्रिंगा जास्तच कडक होत्या, दबल्याच नाहीत, म्हणून चाक उचललं गेलं. सपाट टेबलावर मले ते समजलंच नव्हतं. त्या बदलल्या, तवा प्रदर्शनात ट्रक दगडांवरून मस्त गेला.

घरी येऊन म्हटलं, "तुह्यामुळं इज्जत वाचली वं."

"पण लिंबू काही फुटलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याले मोठी गाडी बनवा."

आता सांगा बाप्पा, कोणाची बायको असं म्हणते?