उचल कोणी दिली?

रचना : तू फक्त सोनाराकडे जा, आजा. पुडी दे, पैसे घे आणि ये. मला काय विचारू नको.

सदा : मी न्हाय विचारत. पण पुडीतून तुझ्या आईच्या, वेणूबाईच्या पाटल्या निघाल्या की सोनार मला विचारणार. अख्ख्या कोळीवाड्यात एवढ्या जाड पाटल्या दोघींच्याच हातात होत्या, आणि त्यातली एक गेल्या साली वारली.

रचना : म्हणून तर तुला पाठवते. मी गेले तर तो लगेच आईला फोन लावेल. तू सांग, औषधाला पैसे पाहिजेत.

सदा : चुलत सासऱ्याच्या औषधाला पाटल्या मोडणारी सून अजून दर्यात पण गावली न्हाय.

रचना : आजा, पाचपर्यंतच वेळ आहे. दार लाव.

सदा : जाळ्यांच्या खोपीला दार कधी होतं? ते पोतं ओढ पुढं. कोण येणार पाचला?

रचना : पोलीस.

सदा : कोणाकडं?

रचना : माझ्याकडे.

सदा : बस. त्या जाळ्यावर नको, सुई टोचंल. हितं बस. घाबरू नको, तिकडं इराकात, बसऱ्याला असताना माझ्याकडं पण पोलीस आलेले. घोड्यावरून. फौजदाराच्या मिशा एवढ्या, की घोड्याला लगामच लागत न्हवता...

रचना : बसरा नको. आज तरी नको. तुझा तो घोड्यावरचा फौजदार, तो दाढीवाला मासा, सगळं मला पाठ आहे.

सदा : बरं, ऱ्हायलं. तुझं सांग.

रचना : व्हॉट्सॲपवर मेसेज आलेला. घरबसल्या काम, रोज दोन-तीन तास, मोबाइलवर फॉर्म भरायचे. कॉलेज दुपारी सुटतं. आई म्हणत होती, बाजारात माझ्या बाजूला पाटी लाव. मी म्हटलं, नाही बसायचं मला बाजारात, मी माझं कमवून दाखवते.

सदा : मग भरलेस फॉर्म?

रचना : सहा दिवसांत पाचशे भरायचे होते. पाचव्या दिवशी वेबसाइटच उघडेना. सातव्या दिवशी त्यांच्या वकिलाचा फोन. तुम्ही करार मोडला, दंड भरा. आणि करारावर सही आहे रे माझी. स्क्रीनवर बोटानं केलेली, पण सही ती सहीच.

सदा : दंड भरलास?

रचना : दोनदा. साठवलेलं सगळं गेलं. आता शेवटचे चोवीस हजार.

सदा : शेवटचे, असं मागच्या वेळंला पण बोलला असंल.

रचना : हो.

सदा : घरात कोणाला सांगितलंस?

रचना : सांगायचं नाही. सांगितलं तर घरचे पण आरोपी होतात.

सदा : म्हणजे मी झालो.

रचना : तुझी पंच्याहत्तरी उलटली, तुला सोडतील.

सदा : निकेशला तरी सांगायचं. बाप हाय तुझा.

रचना : बाबांना? धर्मा खलाशी उचल घेऊन दिवाळीला पळाला, तेव्हा काय केलं त्यांनी? हाताला धरून आणला आणि जेट्टीवर गावासमोर उभा केला. म्हणाले, याचा चेहरा बघून घ्या, याला कोणी बोटीवर घेऊ नका. आणि मी काय वेगळं केलं? काम धरलं आणि अर्ध्यात सोडलं. बोटीच्या मालकाची, नाखव्याची पोरगी असून.

सदा : थांब जरा. धर्माला उचल कोणी दिलेली?

रचना : बाबांनीच. हंगाम सुरू व्हायच्या आधी, सगळ्या खलाशांना देतात तशी.

सदा : आणि तुला ह्या लोकांनी किती दिली?

रचना : मला कुठे दिली? मीच भरले पहिले पंधराशे, रजिस्ट्रेशनचे.

सदा : म्हणजे खलाशानं नाखव्याला उचल दिली.

रचना : ऑनलाइनला तसं नसतं, आजा.

सदा : साठ वर्षं दर्यावर काढली मी. देवासारखे नाखवे बघितले आणि चोर पण बघितले. चोरातला चोर नाखवा असू दे, आधी खलाशाच्या हातावर काहीतरी ठेवतो, मग हंगामभर पिळतो. जो पैसे घेऊन बोटीवर चढवतो ना, त्याच्याकडं बोट नसते. तुझा करार कसला मोडतोय? मोडायला फळी तरी पायजे.

(फोन वाजतो. रचना उचलते. सदा तो ओढून घेतो आणि आवाज मोठा कुठून करायचा ते खुणेने विचारतो.)

वकील : मिस रचना, टाइम काय झाला?

रचना : सर, व्यवस्था चालू आहे.

वकील : चालू आहे, नहीं चलेगा. वॉरंट माझ्या टेबलावर आहे. फक्त साइन बाकी. करू?

सदा : करा की साहेब. पेन हाय ना?

वकील : कोण बोलतंय? मॅडम, मी क्लियर बोललो होतो, अकेले में बात करायची.

सदा : मी सदा तांडेल, पोरीच्या आजाचा भाऊ. गाडीतून किती माणसं येणार तेवढं सांगा, म्हणजे तशा भाकऱ्या टाकायला सांगतो. सुके बोंबील चालतात ना?

वकील : बाबा, हा कोर्ट मॅटर आहे. मस्करी केली तर तुमचं पण नाव चढेल.

सदा : चढू दे. मतदार यादीतून दोनदा गळलंय, कुठंतरी चढू दे. कोर्ट कुठलं, मुरुडचं की अलिबागचं? आम्हीच येतो, तुमचं डिझेल कशाला जाळता.

वकील : ऑनलाइन कोर्ट आहे.

सदा : बसायला बाकडं तरी असंल.

वकील : मॅडम, लक्ष देऊन ऐका. पाच वाजता तुमचा फोटो, आधार कार्ड आणि नोटीस तुमच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर जाणार. खाली फ्रॉड लिहून. पप्पांचा नंबर सगळ्यात पहिला. मग बघू तुमच्या घरी कोण स्थळ घेऊन येतो.

सदा : ठेवला. बोंबलाला घाबरला.

रचना : हसू नको. आता चिडून तो पाचच्या आधीच पाठवेल.

सदा : अगं, चोर हाय तो.

रचना : मला कळलं तो चोर आहे. तू उचलीचं बोललास तेव्हाच कळलं.

सदा : मग पाटल्या कशाला मोडायच्या?

रचना : तो चोर असला तरी फोटो माझाच आहे ना. फसले ते सगळ्यांना कळणार. बाजारात दोन्ही बाजूंनी बाया बसतात, त्यांच्या मधून मला रोज जायचंय. कमवून दाखवणार होती ती हीच, असं म्हणतील. चोवीस हजारांत तो गप्प राहत असेल तर राहू दे. जा ना, आजा.

सदा : तो न्हाय गप्प ऱ्हाणार. तू ऱ्हाशील. ते महाग पडतं.

रचना : तुला काय माहीत? तू जन्मात कधी गप्प बसलास?

सदा : बावन्न वर्षं झाली.

रचना : कशाबद्दल?

सदा : बसऱ्याबद्दल.

रचना : त्याबद्दल तर तू रोज बोलतोस.

सदा : रोज बोलतो म्हणून तर कोण काय विचारत न्हाय. ऐक. चोवीसचा होतो. पांढऱ्या बुटांचा एक एजंट आला. जहाजावर नोकरी, पगार परदेशी, फी आधी. बापानं मचव्यातला हिस्सा विकला. गावानं हार घातले, नारळ दिले. बँड पण वाजला. तो शेजारच्या लग्नाचा होता, पण वाजला. मुंबईला गोदीच्या फाटकावर सकाळी सहाला बोलावलेलं. आम्ही बावीस जण, पत्र्याच्या बावीस ट्रंका. संध्याकाळी फाटकवाला बोलला, ह्या नावाचं जहाजच न्हाय.

रचना : मग बसरा?

सदा : बसरा म्हणजे उरण. मिठागरावर आठ महिने मीठ ओढलं.

रचना : आणि तो खजूर? आजी शेवटपर्यंत सांगायची, सदाभावजींनी बसऱ्याचा खजूर आणलेला.

सदा : मशीद बंदरला घेतला. घासाघीस करून.

रचना : दाढीवाला मासा?

सदा : मिठागराचा मुकादम.

रचना : घोड्यावरचा फौजदार?

सदा : तो पण मुकादमच. घोडा न्हवता त्याच्याकडं.

रचना : पण उरणहून घरी यायला तुला एक दिवस पुरला असता.

सदा : एवढे हार घालून घेतलेले, कुठल्या तोंडानं येऊ? म्हटलं, चार पैसे जमू दे. बापाला वाटत होतं पोरगा परदेशात हाय. शिमग्याला बाप गेला. मला महिन्यानं कळलं. एका दिवसाच्या वाटेवर होतो मी, आणि अग्नी तुझ्या सख्ख्या आजानं दिला. मग तर बसरा खराच करायला लागला. बापाच्या मयताला न आलेला पोरगा निदान लांब तरी असायला पायजे.

रचना : आजा.

सदा : रडू नको, अजून संपलं न्हाय. पुढच्या साली तोच एजंट रेवदंड्याला गेला. चार पोरं गेली त्याच्या मागनं. त्यातला एक माझ्याकडं येऊन विचारून गेलेला. सदाभाऊ, खरंच जहाज मिळतं? मी त्याला मासा सांगितला.

रचना : तू त्याला सांगायचंस ना.

सदा : व्हय.

रचना : आजा, मी तो मेसेज कल्पिताला पाठवलाय.

सदा : कुठली कल्पिता?

रचना : माझ्या वर्गातली. चांगदेवकाकांची. माणूस जोडला की कमिशन, असं होतं. मी म्हटलं, तेवढाच दंड कमी होईल. तिनं मला विचारलं, खरं आहे ना गं? मी हो म्हटलं.

सदा : तिनं पैसे दिले?

रचना : आज देणार होती. कॉलेज सुटल्यावर.

सदा : आता किती वाजले?

रचना : पावणेचार. पाटल्या दे इकडे. आई यायच्या आत डब्यात ठेवते... नको. असू दे तुझ्याकडे. आईला मीच दाखवते.

सदा : निकेशचं काय?

रचना : बाबांची बोट सहाला लागेल. तोवर बँकेच्या दारावर लावलाय तो नंबर लावते, एकोणीसशे तीस. फसलात तर लगेच फोन करा, असं लिहिलंय. दोन्ही वेळा पैसे पाठवायला तिथूनच आत गेले मी.

सदा : निकेश जास्त बोलला, तर त्याला माझं बसऱ्याचं सांग.

रचना : आधी कल्पिता. तू मध्ये बोलू नको हां.

सदा : न्हाय बोलत.

रचना : हॅलो, कल्पिता? ते पैसे भरलेस का गं? ... नाही ना? नको भरू. ... खोटं आहे ते. ... कसं कळलं म्हणजे, मला फसवलंय त्यांनी. ... हो, मला. ... अगं, कोणाला सांगणार नाहीस म्हणजे काय? सांग. तुझ्याकडे जेवढे नंबर आहेत, सगळ्यांना सांग.