निळा लेप

(पंचवटीतल्या एका दवाखान्याबाहेरचा बाक. सकाळचे अकरा. समोर सहादूमामाची एम-एटी गाडी चालूच ठेवलेली आहे, कारण भाचीला आत न्यायचं की परत फिरायचं हे मामाचं अजून ठरलेलं नाही.)

मामा : मांजर नको. मांजर म्हणलं की पोटात चौदा इंजेक्शनं.

शुभांगी : मग कुंपणाची तार?

मामा : डॉक्टर म्हणंल, दाखव तार. ती तर मागच्या सालीच इकली.

शुभांगी : द्राक्षाची कात्री लागली म्हणू. छाटताना.

मामा : जानेवारीत छाटणी? नाशकातला डॉक्टर हाय तो. त्याची बी गिरणाऱ्याला बाग असंल. लगेच पकडंल.

शुभांगी : मामा, गाडी बंद करा ना. डोकं दुखतंय.

मामा : बंद केली की लवकर चालू होत नाय. पळायचं झालं तर?

शुभांगी : कोण पळणार आहे?

मामा : पोलीस केस करतात म्हणं. शेजारचा भिका सांगत होता.

शुभांगी : तुम्ही भिकाला सांगितलंत?

मामा : छ्या. नुसतं इचारलं, समज एखाद्याच्या भाचीनं सोताला कापून घेतलं, तर काय होतं.

शुभांगी : त्याला तुमची एकच भाची माहितीये, मामा.

मामा : हां. ते घरी आल्यावर ध्यानात आलं.

शुभांगी : मग आता?

मामा : असं करू. इंचूरला जाऊ. तिथं कुणी वळखत नाय.

शुभांगी : विंचूरला दर आठवड्याला कांदा घालता तुम्ही. चहावालासुद्धा हाक मारतो.

मामा : मग पेठला.

शुभांगी : मला ताप आहे. हात कोपरापर्यंत लाल झालाय. मला भीती वाटतेय, मामा.

मामा : मला बी वाटती गं. लय वाटती.

शुभांगी : काल पट्टी बांधलीत, पण का केलंस म्हणून विचारलंसुद्धा नाहीत.

मामा : कसं इचारायचं तेच येत नाय मला. तुझी आई असती तर तिनं इचारलं असतं. मी आपलं हाताला आलं ते औषध लावलं.

शुभांगी : कुठलं औषध? तो पत्र्याचा डबा होता.

मामा : औषधच असतंय त्यात. चल, नंबर आला.

सिस्टर : (आत, ड्रेसिंगच्या खोलीत) बस इथे. काय झालं हाताला?

मामा : मांजर.

सिस्टर : चावलं?

मामा : नाय, म्हंजी तारेवर मांजर बसलं होतं आन् हिच्या हातात कात्री होती.

सिस्टर : मांजराचे केस कापत होती?

शुभांगी : राहू द्या, मामा. सिस्टर, मी स्वतःच केलंय.

सिस्टर : बरं. सांगितलंस ते चांगलं केलंस. आणखी कुठे लागलंय?

शुभांगी : नाही. तुम्ही ओरडणार नाही?

सिस्टर : ओरडून जखमा भरल्या असत्या तर हा दवाखाना मी एकटीनं चालवला असता. आधी धुवून घेऊ, मग धनुर्वाताचं इंजेक्शन. मग डॉक्टर मॅडमशी निवांत बोल.

शुभांगी : आणि पोलीस?

सिस्टर : जे काही करावं लागेल ते मॅडम तुला सांगूनच करतील. हात सैल सोड, पट्टी काढते. अगं बाई, हे निळं काय?

शुभांगी : मला नाही माहीत.

सिस्टर : हेही तूच लावलंस?

मामा : नाय. निळं मी केलं.

सिस्टर : काय आहे हे?

मामा : बोर्डो पेस्ट. ऑक्टोबरातली उरलेली. छाटणी झाली की येलीला लावतो, कापलं तिथं. कीड आत शिरत नाय.

सिस्टर : येलीला लावतात ते पोरीला लावलंत?

मामा : येल जगते त्यानं, बाई. मला दुसरं कायबी येत नाय.

सिस्टर : पुन्हा काही लागलं तर स्वच्छ पाणी आणि स्वच्छ फडकं, बास. आणि तडक इकडे यायचं. हे धुवायला जरा वेळ लागेल. चुरचुरेल. मामा, तुम्ही बाहेर थांबता का?

शुभांगी : नको, त्यांना राहू द्या इथे. मामा...

मामा : काय गं?

शुभांगी : तेवढी गाडी बंद करून या.