मयताने स्टुडिओत शिरून बोलल्याबाबत

मुतोंडे मध्यवर्ती पोलीस ठाणे
दिनांक १३ मार्च १९८७, शुक्रवार, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे

नाव: एफ्राइम योतामू म्वाले. वय: ५४ वर्षे. धंदा: नोकरी, निवेदक, कांझेरी राष्ट्रीय ध्वनिक्षेपण महामंडळ. राहणार: महामंडळाची वसाहत, घर क्रमांक ३१, मुतोंडे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी व दोन अविवाहित मुलींसह राहण्यास आहे. महामंडळात बावीस वर्षे नोकरी झाली असून निवृत्तीस चौदा महिने बाकी आहेत. गेली सतरा वर्षे सकाळी सहा व दुपारी चार वाजता निधनाच्या सूचना मी वाचतो. प्रत्येक सूचना एका दिवसात दोनदा वाचली जाते. टेलिव्हिजन राजधानीच्या बाहेर दिसत नाही, त्यामुळे देशातले सगळे मेलेले माझ्याकडेच येतात. माझ्या कामाबद्दल आजपर्यंत कोणाची तक्रार नाही. मेलेल्यांचीही नाही.

सोमवार दिनांक ९ रोजी दुपारी तीनच्या सुमारास तळमजल्यावरील खिडकीशी लायटन चिम्बाला हा इसम उभा होता. वय अंदाजे चौतीस, दगडखाणीत कामगार, मूळचा लुफिता बेटावरचा. त्याच्या खोलीत राहणारा व त्याच्याच गावचा जोफ्रे फुंगा हा रविवारी दरड अंगावर येऊन मेला होता. प्रेत नेण्यासारखे राहिले नव्हते म्हणून इथेच पुरले. त्याची सूचना देण्यास तो आला होता. मी चहाला चाललो होतो. शिपायाशी बोलताना माझा आवाज ऐकून तो वळला व म्हणाला, “काका, तुम्हीच ना ते? आमच्याकडं तुमचा आवाज आला की बायका चुलीवरचं भांडं खाली उतरवतात.” मला बरे वाटले. मी त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले.

आमच्या छापील अर्जात पहिल्या ओळीत खबर देणाऱ्याचे नाव असते व दुसऱ्या ओळीत मयताचे. टंकलेखन करताना ही नावे उलटली. कोणी उलटली ते मी पाहिलेले नाही. कागदावर कार्यक्रम अधिकारी सिम्फुकवे बाई यांची सही व शिक्का होता. मंगळवारी सकाळी सहा वाजता मी वाचले की, लुफिता बेटावरील सर्वांना कळवण्यात येते, दगडखाणीवर राहणारा लायटन चिम्बाला हा रविवारी निधन पावला असून त्याचे दफन राजधानीतच झाले आहे, असे जोफ्रे फुंगा याने कळवले आहे. म्हणजे मेलेल्याने जित्याच्या मरणाची खबर दिली, आणि ती मी साऱ्या देशाला ऐकवली.

मला विचारण्यात आले की, आदल्या दिवशी भेटलेल्या माणसाचे नाव ओळखू आले नाही काय. नाव ओळखीचे वाटले. पण खाली सही होती. सही असली की मी नाव बघत नाही, उच्चार बघतो. सतरा वर्षांत तशी सवय लागली आहे. ही सवय चांगली नाही हे मला आता कळते.

त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता लायटन महामंडळाच्या फाटकावर आला. खाणीवरचे लोक त्याला हात लावून बघत होते असे तो हसत सांगत होता. पहारेकरी सैनिकही हसले. मी त्याला घेऊन सिम्फुकवे बाईंच्या खोलीत गेलो. तिथे झालेले बोलणे जसे आठवते तसे सांगतो.

मी म्हणालो, “बाई, हा बघा. हातपाय धड आहेत.”

“मी कुठं म्हणते मेलाय म्हणून? पण महामंडळ चुकलं, हे मी कोणाच्या तोंडानं सांगू?”

“मग नवीन सूचना म्हणून वाचतो. जोफ्रे फुंगा वारला, लायटन चिम्बालानं कळवलंय. बस्स.”

“म्हणजे दुरुस्तीच झाली की ती. परिपत्रक माहीत नाही तुम्हाला?”

परिपत्रक मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या विमानाची वेळ चुकली व ती आम्ही दुरुस्त करून वाचली. तेव्हापासून मंत्र्यांच्या लेखी मंजुरीशिवाय कोणतीही दुरुस्ती प्रसारित करता येत नाही. मंत्री राष्ट्राध्यक्षांबरोबर उत्तरेच्या दौऱ्यावर असून सोमवारी परततील. संचालक त्यांच्याबरोबर आहेत.

मी असेही म्हणालो की, ‘हरवले-सापडले’मध्ये घालू. लायटन चिम्बाला सापडला आहे, एवढेच. बाई म्हणाल्या, “ते गुरांसाठी आणि ओळखपत्रांसाठी असतं, म्वाले. आणि तुम्ही जरा हळू बोला.” त्या वाईट नाहीत.

मंजूर झालेला कागद बदलता येत नाही व गाळताही येत नाही. त्यामुळे मंगळवारी चार वाजता तीच सूचना मी दुसऱ्यांदा वाचली. लायटन तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. तेथे भिंतीवर स्पीकर आहे. मी बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, “काका, नाव मात्र छान घेता तुम्ही.”

बुधवारी व गुरुवारीही तो सकाळपासून बाकावर येऊन बसला. फाटकावरचे सैनिक त्याला म्हणत, “काय मयत, आजपण आलात?” एक जण म्हणे, “मयताला सावलीत बसू द्या रे, नाहीतर वास सुटेल.” पहिल्या दिवशी तो त्यांच्यात हसला. गुरुवारी हसला नाही. या दोन दिवसांत मी माझ्याकडून केलेले प्रयत्न असे: मंत्रालयात दोनदा जाऊन आलो. सचिवांच्या कारकुनाने अर्ज घेतला, पोच दिली. तारघरात गेलो. तार सरोवराच्या बंदरापर्यंत जाते, तेथून बेटावर बोट फक्त शनिवारी सुटते. बेटावर टेलिफोन नाही. पावसाने पूल वाहून गेल्याने बंदरापर्यंत लॉरी चार दिवसांच्या आत पोचत नाही. बेटावर लवकर पोचणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे माझा आवाज.

गुरुवारी दुपारी मी त्याला घरी जेवायला नेले. मक्याची उकड व वाळवलेली मासळी होती. त्याने मासळी हातात धरून ती त्यांच्या सरोवराची आहे असे सांगितले, आणि मग घाईचे कारण सांगितले. परगावी मेलेल्याचे प्रेत घरी आले नाही तर त्यांच्याकडे खबर पोचल्यापासून चौथ्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी केळीचा बुंधा त्याच्या कपड्यात गुंडाळून पुरतात. तो म्हणाला, “उद्या चौथा दिवस. बुंधा मातीत गेला की मी गेलोच, काका. मग मी स्वतः दारात उभा राहिलो तरी आई बघायची नाही. बघितलं तर धाकटी पोरं मरतात म्हणतात. घरात माझ्या पाठची तिघं आहेत. ती नाही बघणार. मी ओळखतो तिला.” त्याच्या आईचे नाव एलुबी आहे. ती विधवा आहे.

तो गेल्यावर माझी पत्नी मला म्हणाली, “एक ओळ तर आहे. वाचून टाका ना. कोण फाशी देतंय तुम्हाला?” मी तिला खिडकीतून शेजारचे घर दाखवले. आठ वर्षांपूर्वी काही बंडखोर सैनिक स्टुडिओत शिरले होते व त्यांनी निवेदकाच्या हातात एक कागद दिला होता. तो निवेदक घर क्रमांक ३० मध्ये राहत असे. त्याने तो कागद वाचला. ते घर अजून कोणाला दिलेले नाही. पत्नी भांडी घासायला गेली.

आज शुक्रवार दिनांक १३ रोजी दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी मी सूचनांचे कागद घेऊन स्टुडिओ क्रमांक २ मध्ये गेलो. यंत्रचालकाची जागा दोन वर्षे रिकामी असल्याने रेकॉर्ड लावणे व माइक चालू-बंद करणे ही कामे मीच करतो. चार वाजता प्रसारण चालू असल्याचा लाल दिवा लावून वाचन सुरू केले. दुसरी सूचना वाचून झाल्यावर दार उघडले व लायटन आत आला. आतल्या दारावरचा सैनिक त्यावेळी कोठे होता ते मला माहीत नाही. लायटन रोज दिसणारा माणूस असल्याने त्याला कोणी अडवले नसावे. त्याच्या हातात घडी घातलेला एक कागद होता, दुसरे काही नव्हते. हातोडा होता असे फाटकावरच्या सैनिकाने लिहून दिल्याचे मला सांगण्यात आले. हातोडा नव्हता. त्याने मला धक्का दिला नाही, धमकी दिली नाही. त्याने दारातच चपला काढल्या. तो दारातूनच, माइकपर्यंत पोचणार नाही इतके हळू म्हणाला, “काका, एकदाच. तुमच्यावर नाही येऊ देणार. मी म्हणेन, मीच घुसलो.”

मी मान हलवून होय म्हटले व त्याला समोरची खुर्ची दाखवली. त्याच वेळी डाव्या हाताने माइकची पट्टी खाली ओढली व दुसऱ्या तबकडीवर तयार असलेली पोलीस बँडची रेकॉर्ड सोडली. पट्टी खाली असली की माइकमधले काहीही बाहेर जात नाही. रेकॉर्डचा आवाज स्टुडिओत ऐकू येत नाही, फक्त माझ्या कानावरच्या यंत्रात येतो. लाल दिव्याचा खटका वेगळा आहे. तो मी बंद केला नाही. का केला नाही, असे मला विचारण्यात आले. दिवा विझला असता तर त्याला कळले असते.

मी भ्यालो होतो. हे माझ्या सांगण्यावरून लिहून घ्यावे.

तो सुमारे दोन मिनिटे बोलला. आधी कागद बघून बोलत होता, मग कागद खाली ठेवला. तो जे बोलला ते ऐकणारा मी एकटाच असल्याने येथे सांगतो. “आई, मी लायटन. मी मेलो नाही गं. रेडिओचं चुकलं. जोफ्रे गेला, त्याच्या घरी जा, त्याच्या आईजवळ बस. माझा बुंधा पुरू नकोस. माझा निळा सदरा काढला असशील तर परत ठेव, मला लागतो तो. आईये, मी शनिवारच्या बोटीनं येतो. उद्याच्या नाही, पुढच्या. तू दारात थांब आणि माझ्याकडं बघ.” एवढे बोलून त्याने तोंड पुसले. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाला, “काका, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.” माझ्या कानात त्यावेळी बँड वाजत होता.

४ वाजून ६ मिनिटांनी चार सैनिक आत आले. तो स्वतःहून हात वर करून उभा राहिला. ते त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारत नेत असताना तो हसत होता. मी उरलेल्या सूचना वाचून पूर्ण केल्या. त्या सात होत्या.

मला येथे समजावून सांगण्यात आले की, राष्ट्रीय ध्वनिक्षेपण ताब्यात घेऊन त्यावरून बोलणे हा राजद्रोह असून त्यास देहान्ताची शिक्षा आहे. बोलणे प्रसारित झाले नसेल तर तो केवळ विनापरवाना प्रवेश होतो व त्यास जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे. म्हणून मी शपथेवर सांगतो की, लायटन चिम्बाला याचा एकही शब्द बाहेर गेलेला नाही. आजच्या प्रसारणाची नोंद-फीत मी सोबत हजर करीत आहे. तीत त्या वेळी पोलीस बँड आहे. खात्री करून घ्यावी.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी ठाण्यात आलो, तेव्हा लायटन समोरच्या कोठडीत होता. त्याचा ओठ फाटला होता. त्याने मला गजांतून हाक मारून विचारले, “काका, आईनं ऐकलं असेल ना? चारला आमच्याकडं रेडिओ लागतोच.” मी म्हणालो, “ऐकलं असेल.” तो म्हणाला, “मग आता मला काय करायचं ते करू देत.” आज सूर्य ६ वाजून १० मिनिटांनी मावळला.

जबाब मोठ्याने वाचून दाखवण्याचा नियम असल्याचे उपनिरीक्षक कालुवा यांनी सांगितले. तो मला मनातल्या मनात वाचू द्यावा, अथवा कोठडी व या खोलीमधले दार लावून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

(सही) ए. वाय. म्वाले

शेरा: मधल्या चौकटीस दार बसवलेले नाही. मनात वाचण्याची सवलत नियमात नाही. सबब वरील संपूर्ण जबाब मी सायंकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी मोठ्याने वाचला. जबाब देणाऱ्याने तो आपल्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर असल्याचे कबूल केले. वाचन चालू असता कोठडीतील इसमाने माइकच्या पट्टीचा मजकूर पुन्हा वाचण्याची विनंती केल्यावरून तेवढा मजकूर दुसऱ्यांदा वाचण्यात आला.

(सही) उपनिरीक्षक डी. कालुवा